तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा, मग ठाऊक कसा नाही?

आकाशदर्शनाला येणाऱ्यांनी सेरेस आणि वेस्टा ही नावं ऐकलेली असतात. मी हायजिया म्हटलं की प्रश्न ठरलेला: "लघुग्रहांत चौथा मोठा म्हणता, मग आम्ही कधी ऐकला कसा नाही?"

काळा आहे म्हणून, आणि लांबही आहे. व्यास सुमारे ४३० किलोमीटर, पण अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम सात टक्के परत पाठवतो. त्यात मुक्काम मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या भागात. सूर्याभोवती एका फेरीला साडेपाच वर्षं लागतात. वेस्टा ५२५ किलोमीटरचा, म्हणजे काही दुप्पट-तिप्पट नाही, पण उजळ. प्रतियुतीच्या सुमारास (म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना), अंधार चांगला असेल तर, तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. हायजिया ऐन भरातही नवव्या-दहाव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीशिवाय न दिसण्याइतका मंद. म्हणून तर जेमतेम दीडशे किलोमीटरचा फ्लोरा १८४७ मध्येच सापडला आणि हे धूड त्याच्यानंतर, १२ एप्रिल १८४९ ला, नेपल्समध्ये आन्निबाले दे गास्पारिसच्या नजरेला पडलं. शोधाच्या क्रमाने दहावा.

दुर्बिणीतून काय दिसतं? टिंब. सहा इंची दुर्बिणीतही टिंबच. आजूबाजूच्या ताऱ्यांचं चित्र वहीत काढायचं आणि दुसऱ्या रात्री ताडून बघायचं. जे टिंब सरकलं, तो हायजिया. शनीची कडी बघून आलेल्यांचा इथे विरस होतो. मला मात्र ही शोधाशोध कड्यांपेक्षा जास्त आवडते. (घरचे याला खूळ म्हणतात.)

खरी गंमत २०१९ ची. हायजियाच्या कक्षेच्या आसपास त्याच्याच जातीचे हजारो तुकडे फिरतात, म्हणजे कधीतरी जबर टक्कर झालेली. तेव्हा अंगावर मोठा खड्डा असणारच, असा सगळ्यांचा कयास. वेस्टावर तसा आहे. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने जवळजवळ सगळा पृष्ठभाग टिपला, तर निघाला चक्क गोल! खात्रीने सांगता येतील अशी विवरं दोनच, तीही एवढ्या तुकड्यांच्या मानाने किरकोळ. संगणकावर टक्कर घडवून पाहिल्यावर उलगडा झाला: दोन अब्ज वर्षांहून आधी मूळ गोळ्याचा पुरता चुराडा झाला आणि बराचसा माल स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र आला. ढिगारा सैल, त्यामुळे जमताना गोल झाला.

म्हणून आता पुढचा प्रश्न येतो, "मग हा सेरेससारखा बटुग्रह का नाही?" गोलपणाची अट पुरी होतेय असं दिसतं, पण अधिकृत शिक्का अजून नाही. यानही तिकडे गेलेलं नाही. डॉन वेस्टाला गेलं, सेरेसला गेलं, आणि तिथेच थांबलं.