हिरव्या व्हीलचं मटेरियल लेथवर: ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइड कापतानाचा माझा अनुभव

ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात लिहिलं होतं: ए359 (ओतकामाचा ॲल्युमिनियम मिश्रधातू), 20 टक्के सिलिकॉन कार्बाइड, टी6 (उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला). जॉब दिसायला सरळ. बाहेरून 80 मिमी, लांबी 100, आत 50 एच7 चं बोअर, म्हणजे 50 मिमीचं अचूक मापाचं भोक, आणि एका तोंडाच्या फ्लँजवर एम5 चे, म्हणजे 5 मिमी स्क्रूचे आटे. भोसरीतल्या आमच्या युनिटमध्ये असले स्लीव्ह, म्हणजे पोकळ नळकांडी जॉब, रोज निघतात. हे स्लीव्ह एका मोजमापाच्या उपकरणात बसणार होते. वजन ॲल्युमिनियमचं हवं, पण ताठपणा जास्त आणि उष्णतेने प्रसरण कमी, म्हणून कंपोझिट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेलं ॲल्युमिनियम. साध्या ॲल्युमिनियमचा यंग्ज मोड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, 70 गिगापास्कलच्या आसपास असतो. त्यात 20 टक्के कण घातले की तो 100 च्या घरात जातो आणि घनता मात्र घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅमवरून जेमतेम 2.8 कडे सरकते. डिझायनरला मोह पडणारच.

कास्टिंग आल्यावर आमच्या सगळ्यांत जुन्या टर्नरनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, एक तुकडा उचलून कोपऱ्यावर फाइल मारली. फाइल नुसती सरकली. दोन-चार वेळा मारल्यावर फाइलचेच दाते चमकायला लागले. "मॅडम, रिपोर्टमध्ये हार्डनेस किती आहे याचा?" आकडा माइल्ड स्टीलला शोभेल असा होता. काकांनी फाइल माझ्यासमोर धरली आणि काही बोलले नाहीत.

रिपोर्टमधला ब्रिनेलचा, म्हणजे गोळा दाबून मोजलेल्या हार्डनेसचा, आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. चाचणीचा गोळा एकाच वेळी असंख्य कणांवर दाबतो आणि ते कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात. जो आकडा येतो तो सगळ्याचा मिळून. टूलच्या धारेला मात्र एकेक कण सुटा भेटतो. सिलिकॉन कार्बाइडचा कण साधारण 2500 व्हिकर्सच्या (हार्डनेसचं दुसरं माप) वर, आणि आपल्या टंगस्टन कार्बाइडच्या टिपा 1500 ते 1800 च्या दरम्यान. टूलरूममध्ये कार्बाइडच्या टूलला धार लावायला जे हिरवं व्हील असतं, ते याच सिलिकॉन कार्बाइडचं. म्हणजे ज्याने आपण टिप घासतो, तेच मटेरियल जॉबमध्ये भरून समोर आलं होतं.

तरी टंगस्टन कार्बाइडच्या टिपेची ट्रायल घ्यायची असं मी ठरवलं होतं. टिप किती टिकते हे आकड्यात कळल्याशिवाय महागड्या टूलचा खर्च कोटेशनमध्ये मांडता येत नाही. स्पीड 80 मीटर प्रति मिनिट, फीड 0.1, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्याला टूल 0.1 मिमी पुढे. पहिल्या पासलाच आवाज बदलला. टिप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. वरचा चेहरा जवळपास कोरा, क्रेटरचं, म्हणजे झिजून पडणाऱ्या खळग्याचं, नाव नाही. पण फ्लँकवर, म्हणजे धारेखालच्या जॉबला घासणाऱ्या बाजूवर, चकचकीत सपाट पट्टा पडला होता, आणि त्या पट्ट्यावर कापण्याच्या दिशेने एकाशेजारी एक बारीक चर, सगळे समांतर. धारेच्या एका टोकाला ॲल्युमिनियम चिकटून बसलेलं. स्पीड कमी ठेवला की असा बिल्टअप एज येतो. तो फ्लँकला थोडा आडोसा देतो, पण फिनिशची वाट लावतो. पट्टा 0.3 मिमीच्या पुढे गेला होता, म्हणजे नेहमीच्या निकषाने टिप संपलेली.

इथे मी कागद घेऊन बसले, आणि पुढचं सगळं या हिशोबातून निघालं. 80 मिमीचा जॉब एक फेरा फिरला की धार सुमारे 251 मिमी घासते. 100 मिमी लांबी 0.1 च्या फीडने कापायला हजार फेरे लागतात, म्हणजे 251 मीटर घासणं. फीड 0.2 केला की तेच काम 126 मीटरमध्ये होतं. कापलं जाणारं मटेरियल तेवढंच, पण धारेने कणांवर केलेला प्रवास निम्मा. साधं ॲल्युमिनियम कापताना मिनिटांत विचार केला तरी चालतो, या मटेरियलमध्ये मीटरमध्ये करावा लागतो. टिप जपायची म्हणून फीड कमी करायची आपली सवय इथे उलटी पडते.

पुढचं टूल अर्थातच पीसीडी, म्हणजे कार्बाइडच्या इन्सर्टवर ब्रेझ केलेली हिऱ्याची पट्टी. सप्लायरने आधी बारीक दाण्याचा ग्रेड सुचवला, कारण त्याची धार सुबक येते. मी 25 मायक्रॉन दाण्याचा मागितला. आमच्या कास्टिंगमधले कण दहा ते वीस मायक्रॉनचे. हिऱ्याचा दाणा त्यांच्यापेक्षा लहान असेल तर कण तो अख्खा उपटून काढू शकतो. मोठा असेल तर तो जागेवर राहून हळूहळू झिजतो. फिनिशमध्ये थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल, धार जागेवर राहिली पाहिजे. स्पीड 500 मीटरवर नेला, म्हणजे 80 च्या व्यासाला जवळपास 2000 आरपीएम. रफिंगला 0.25 फीड, फिनिशला 0.1, तोही एकाच पासमध्ये.

फिनिशसाठी मी 0.3 मिमी शिल्लक ठेवायला लावलं. काकांना ते जास्त वाटलं, पण त्याला कारण होतं. रफिंगमध्ये धारेखाली आलेले कण फुटतात, काही ॲल्युमिनियमपासून सुटतात, आणि ते नुकसान पृष्ठभागाच्या खालीही थोडं उतरतं. तो थर फिनिशमध्ये निघून जायला हवा, नाहीतर बोअर भिंगाखाली धरलं की कण उपटून गेलेले खड्डे दिसतात. रफनेसचा आकडा पास होतो आणि खड्डे तसेच राहतात.

बोअरला दुसरी गोष्ट आडवी आली. 50 एच7 म्हणजे शून्य ते अधिक 25 मायक्रॉन. हे कंपोझिट साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं, अंशाला दर दशलक्षात 23 ऐवजी साधारण 17. तरी जॉब दहा अंशांनी गरम असेल तर 50 मिमीला साडेआठ मायक्रॉन होतात, म्हणजे टॉलरन्सचा एक तृतीयांश. त्यामुळे मशीनवर मोजून लगेच ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, द्यायचा नाही, जॉब इन्स्पेक्शनच्या खोलीत टेकवून मगच गेज लावायचा, असा नियम केला. हिराही झिजतो. बोअर हळूहळू लहान यायला लागतं, आणि ऑफसेट मायक्रॉनमायक्रॉनने सरकवत न्यावा लागतो.

सगळ्यात जास्त डोकं आट्यांनी खाल्लं. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या टूलचं, काही खरं नव्हतं; तो घासत घासत पातळ होतो आणि गो गेज (आटे मापात आहेत का हे आत फिरवून बघायचं गेज) अडकायला लागतो, आणि एखादा आतच तुटला तर जवळपास पूर्ण झालेला जॉब भंगारात. म्हणून हे काम व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर, नेलं. डायमंड कोटिंगच्या कार्बाइड ड्रिलने 4.2 चं भोक आणि थ्रेड मिलने, म्हणजे भोकात गोल फिरत आटे कापणाऱ्या कटरने, आटे. थ्रेड मिल भोकापेक्षा लहान असते, तुटली तरी बाहेर काढता येते, आणि झिजली की रेडियस ऑफसेट थोडा बदलून पुन्हा गेजात आणता येते. ड्रिलला पेकिंग, म्हणजे थांबत थांबत टप्प्यांनी भोक पाडणं, दिलं नाही. दरवेळी ड्रिल मागे घेऊन पुन्हा खाली टेकवलं की तळाशी फुकट घासणं होतं, आणि आपल्याला घासणंच वाचवायचं होतं. चिप्स तशाही तुटक्या येतात, त्यामुळे अडकायची भीती कमी. भोकाच्या खालच्या तोंडाला कडा उडत होत्या, तिथे खाली साध्या ॲल्युमिनियमची प्लेट दाबून बसवली. कडा उडायच्या थांबल्या.

मशीनची काळजी हा वेगळाच विषय आहे, आणि माझ्या मते त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. या चुऱ्यातला कण लोखंडाचा नाही, त्यामुळे मॅग्नेटिक सेपरेटर त्याला पकडत नाही. तो कूलंटमध्ये फिरत राहतो, पंपात जातो, स्लाइडवर बसतो, आणि मशीनचंच लॅपिंग सुरू होतं. आम्ही कूलंटला पेपर फिल्टर लावला, वायपर बदलले, चकच्या जॉमध्ये चुरा साठणार नाही हे रोज पाहिलं. एअरगन बंद. हवेने चुरा स्लाइडच्या फटीत घुसतो आणि माणसाच्या नाकातही जातो. साफसफाई व्हॅक्युमने, आणि मास्क घालूनच. चुऱ्याचा ड्रम वेगळा ठेवला, कारण तो साध्या ॲल्युमिनियमच्या भंगारात मिसळला तर वितळवणाऱ्याची अख्खी भट्टी खराब होते. भंगारवाल्याला हे समजावून सांगायला मी स्वतः गेले होते.

लॉट पास झाला. त्यानंतर डिझाइनच्या लोकांबरोबर बैठक झाली, तेव्हा मी टोयोटाच्या 1983 च्या डिझेल पिस्टनचा विषय काढला. त्यात सिरॅमिकचे तंतू अख्ख्या पिस्टनमध्ये घातलेच नव्हते. वरची रिंग जिथे बसते, म्हणजे झीज जिथे होते, तेवढ्याच भागात होते, आणि बाकीचा पिस्टन साधं ॲल्युमिनियम. आमच्या स्लीव्हमध्ये ताठपणा सगळीकडे हवा, त्यामुळे ते तसंच्या तसं करता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. पण आटे असलेला फ्लँज साध्या धातूचा करून स्लीव्हवर बसवता येईल का, यावर आता विचार चालू आहे.

फाउंड्रीकडे मात्र मी थेट मागणी केली. कास्टिंगवर चार मिमी अलाउन्स, म्हणजे कापून काढायचं जादा मटेरियल, होता, तो दीडवर आणा. त्यांची हरकत रास्त होती: हे मिश्रण घट्ट असतं, साच्यात नीट वाहत नाही, आणि ढवळणं थांबलं की कण खाली बसतात, कारण ते वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जड. मी त्यांना माझा मीटरचा कागद दाखवला. वरचे अडीच मिमी काढण्यासाठी धारेला किती प्रवास करावा लागतो आणि त्यात किती पीसीडी जातं, हे त्यावर स्पष्ट होतं. त्यांनी साच्याचं गेटिंग, म्हणजे धातू आत जायच्या वाटा, बदलून दोन मिमीवर नमुना ओतायचं कबूल केलं आहे. तो आला की आधी त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली कणांची वाटणी बघणार, आणि मगच पुढच्या लॉटचा दर कळवणार.