सिंगलटनने खाल्लेले अकरा दिवस

आउल (OWL) ही संकल्पना आणि त्यांचे नियम संगणकाला समजतील असे लिहायची भाषा. तिच्यात नावं दोन असली म्हणून वस्तू दोन ठरत नाहीत. हे वाक्य कुणी आधी सांगितलं असतं, तर माझे अकरा दिवस वाचले असते.

आमच्या टीममध्ये तीच गोष्ट तिघं तीन ठिकाणी नव्याने लिहायचे. कोणता डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणीवरची ठरलेली कोड-रचना) कुठे वापरलाय हे जुन्या लोकांच्याच डोक्यात. म्हणून मी आउलमध्ये ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्या नात्यांचा नकाशा, करायला घेतली: अडचण सांगितली की पॅटर्न सापडावा आणि आमच्याच कोडमधलं उदाहरणही. 'गँग ऑफ फोर' या चार लेखकांच्या १९९४च्या पुस्तकातले २३ पॅटर्न प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी-संपादकात आठवड्याभरात भरून झाले.

मग सिंगलटन, म्हणजे ज्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनू द्यायचा तो पॅटर्न. सोपा म्हणून चाचणीला तोच घेतला होता. नियम लिहिला: अशा क्लासचा जास्तीत जास्त एक ऑब्जेक्ट. मुद्दाम दोन ऑब्जेक्ट नोंदवले आणि हर्मिट हा रीझनर (नियमांवरून अनुमान काढणारा प्रोग्रॅम) चालवला. चूक दाखवेल म्हणून वाट पाहिली, तर सगळं सुसंगत! नियम पुन्हा लिहिला. प्रॉपर्टी बदलली. हर्मिट काढून पेलेट हा दुसरा रीझनर लावला. तेच. रात्री झोपतानाही तोच नियम डोक्यात. अकराव्या दिवशी सहज एका ऑब्जेक्टवर क्लिक केलं, तर पिवळ्या पट्टीत अनुमान दिसलं: हा आणि तो दुसरा एकच! मी 'एकच असू शकतो' म्हटलं होतं, म्हणून त्याने दोन्ही नावं एकाच वस्तूची मानली. 'हे दोघं वेगळे' अशी एक ओळ जोडताच विसंगती समोर आली.

सुटकेचा आनंद तासभरच टिकला. सिंगलटनची 'पब्लिक कन्स्ट्रक्टर (बाहेरून ऑब्जेक्ट बनवायची सोय) शून्य' अशी व्याख्या केली, तर एकही क्लास तिच्यात बसेना. नोंद नाही म्हणजे गोष्ट नाही, असं आउल धरतच नाही. त्याच्या लेखी ती फक्त अज्ञात असते. इतकी वर्षं डेटाबेसवर काम केल्यावर हे पचायला जड गेलं. मी वाचलेल्या सगळ्या लेखांनी हा मुद्दा एका ओळीत उरकला होता, त्याचा राग अजून आहे. शेवटी कोड वाचणाऱ्या स्क्रिप्टमधूनच 'शून्य' स्पष्ट लिहून घेतलं. तुम्हाला नुसती तपासणीच हवी असेल तर सरळ शॅकल (SHACL, डेटा नियमांत बसतो का हे तपासायची भाषा) वापरा. ते समोर असलेला डेटा मोजतं.

हो, एक राहिलं. स्ट्रॅटेजी (कामाची पद्धत बदलू देणारा) आणि स्टेट (अवस्थेनुसार वागणूक बदलणारा) या दोन पॅटर्नची रचना जवळजवळ सारखीच. व्याख्या फक्त रचनेवर केलीत तर रीझनर एकाच क्लासला दोन्हींत टाकेल. उद्देशाची प्रॉपर्टी वेगळी ठेवा. आणि कोडमधला क्लास ऑन्टॉलॉजीत इंडिव्हिज्युअल (एक ठोस वस्तू) म्हणून नोंदवा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

मागच्या आठवड्यात टीममधल्या नव्या मुलीने 'चालू प्रोग्रॅममध्ये हिशोबाची पद्धत बदलायची आहे' यासाठी क्वेरी चालवली. स्ट्रॅटेजी आला, सोबत आमच्या कोडमधली दोन उदाहरणं. तिने त्यातलं एक उचललं आणि दुपारपर्यंत काम संपवलं.