आमची वाटचाल : पडवी कुणाच्या हिश्श्यात?

नौपाड्यातल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या जुन्या गाळ्यात, २०१४ साली आम्ही काम सुरू केलं: तेव्हा जुन्या इमारतींची तपासणी, आता गावाकडची जुनी घरं विकत घेण्याआधी बघून देणं. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा, दोघंही सिव्हिल इंजिनियर. त्याआधी मी एका सल्लागाराकडे नोकरीला होते. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळची इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. त्यानंतर ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये जी भीती शिरली ती मी जवळून पाहिली. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं हे कागदावर आधीपासून होतंच, पण लोक आता ते स्वतःहून मागू लागले. कोपरी, वर्तकनगर, नौपाडा, चरई. हातोडा मारून काँक्रीट तपासायचं, गंजलेल्या सळया शोधायच्या, अहवाल द्यायचा. पहिली दोन वर्षं हेच केलं आणि त्यावर घर चाललं.

गावाकडच्या घरांचं काम आम्ही ठरवून घेतलं नाही. २०१६ मध्ये एका सोसायटीच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "मॅडम, मुलाने माणगावकडे जुनं घर बघितलंय. आमच्या इमारतीचं बघितलंत तसं तेवढं बघून याल का?" गेलो. चिऱ्याचं तीन खणी घर, पुढे पडवी, मागे न्हाणी, बाजूला विहीर, मंगलोरी कौलं. दोन दिवस राहून आम्ही चौदा पानांचा अहवाल केला. कुठल्या वाशाला भुंगा लागलाय, कुठल्या कोपऱ्यात ओल किती, जोत्याला कुठे भेग, सगळं फोटोंसकट. त्यांनी घर घेतलं, पेढे आणून दिले.

वर्षभराने विकणाऱ्याचे चुलतभाऊ सरकारी मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, घेऊन उभे राहिले. नकाशात पडवीचा अर्धा भाग आणि विहीर त्यांच्या हिश्श्यात. वाटणी आजोबांच्या काळात तोंडी झालेली, वहिवाट एकीकडे आणि हिश्श्यांच्या वाटणीचा सरकारी नकाशा दुसरीकडे. काकूंच्या मुलाला दीड गुंठ्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले, तेही विकणाऱ्याने सांगितलेल्या भावाच्या दुपटीने. आमच्या अहवालात पडवीची भिंत किती ओली आहे हे दोन ठिकाणी मोजून लिहिलेलं होतं. पडवी कुणाची, हे आम्ही विचारलंही नव्हतं. जागेचे कागद बघणं आमच्या कामात ठरलेलं नव्हतं, हे खरं. पण काकूंनी मला विश्वासाने पाठवलं होतं आणि मी अर्धंच बघून आले होते. आम्ही फी परत केली. त्याने त्यांचं नुकसान भरून निघालं नाही, आणि ती गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

त्यानंतर आमच्याकडे काका आले. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे, म्हणून निवृत्त झालेले, राहायला कळव्याला. आयुष्यभर ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतले बांध चाललेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं की घरात शिरायच्या आधी घराभोवती फिरा आणि शेजाऱ्याकडे पाणी मागा. पाणी देताना शेजारी जे बोलतो ते सातबाऱ्यावर नसतं. आजही आमची प्रत्येक भेट तशीच सुरू होते.

काकांमुळे मला पहिल्यांदा नीट कळलं की "गावातलं घर" ही एकच गोष्ट नाही. घर गावठाणात, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जागेत, असेल तर त्या जागेला सातबारा नसतो. गावठाणाचं भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, नसेल तर लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून दाखवतात. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. त्या कागदावर घराचं चौरस फुटांत माप असतं, शिक्का असतो, म्हणून माणूस फसतो. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ज्या गावात हे काम पुरं झालंय तिथे आमचं निम्मं कोडं सुटलेलं असतं.

कोकणातल्या वाड्या मात्र बऱ्याचदा गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात वसलेल्या. तिथलं घर घ्यायचं म्हणजे खालची शेतजमीन घ्यायची, आणि १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. काकूंच्या सासरचा सातबारा होता म्हणून त्यांचं तिथे अडलं नाही. ठाण्यात तीन पिढ्या राहिलेल्या कितीतरी माणसांकडे तो नसतो, आणि हे त्यांना विसार देऊन झाल्यावर कळतं. शहापूर, मुरबाडकडे आणखी एक गोष्ट आम्ही सगळ्यात आधी पाहतो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला ती घेता येत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात ती नोंद दिसली की आम्ही ग्राहकाला तिथेच थांबवतो, घर कितीही देखणं असलं तरी. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं तरी तसंच, आधी परवानगीचं बोला.

नवी मुंबईतूनही विचारणा येते, घणसोली, कोपरखैरणे इथल्या जुन्या घरांसाठी. सिडको १९७० साली आली, ९५ गावांची शेतं आणि मिठागरं संपादनात गेली, गावठाणं राहिली. कुटुंबं वाढली तशी घरं गावठाणाच्या रेषेबाहेर सरकली. त्यामुळे तिथे भिंतीआधी रेषा बघावी लागते. घर रेषेच्या आत की संपादित जमिनीवर, हे कळल्याशिवाय आम्ही हातोडाही काढत नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांनी बांधलेली ही घरं आहेत, तिथे जाताना मान खाली घालूनच जावं असं मला वाटतं.

एक स्पष्ट सांगते. आम्ही केलेली मोजणी सरकारी मोजणीची जागा घेत नाही. हद्द कायम करायची तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात खातेदाराने अर्ज करायचा, नोटिसा निघायच्या, लगतच्यांच्या समोर मोजणी व्हायची. काका फक्त जुना नकाशा आणि जागेवरची वहिवाट यांचा मेळ बसतो का ते पाहतात. बसत नसेल तर साठेखतातच अट घालायला सांगतो, की मोजणी विकणाऱ्याने करून द्यायची आणि क प्रत हातात आल्यावर उरलेली रक्कम. विकणारे यावर रागावतात. रागावू द्यावं. आणि खातेफोड (एकत्र खात्याची वाटणी) किंवा वारस नोंदीत बहिणींची नावं आहेत का ते बघा. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. "बहिणी काही बोलणार नाहीत" हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकलं, तिथे बहिणींना कुणी विचारलेलंच नव्हतं.

आता घराबद्दल, कारण माझा जीव तिथे आहे.

जुनं घर पावसात बघावं. एप्रिलमध्ये प्रत्येक घर चांगलं दिसतं, त्यात विकायच्या आधी रंग दिलेला असतो. आम्ही जमेल तिथे दोनदा जातो, एकदा मे महिन्यात विहिरीचं पाणी बघायला आणि एकदा जुलैत. जुलैत पागोळ्या कुठे पडतात ते दिसतं. जोत्यापासून दूर पडल्या तर ठीक, जोत्यावरच पडत असतील तर पाण्याचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या फूट-दीड फुटाला वर्षानुवर्षं भिजवत असतात. मागच्या दाराकडून डोंगराचं पाणी येतं का, त्याला गटार आहे की ते घराखालून वाट काढतं, हेही तेव्हाच कळतं.

भिंत जांभ्याची आणि सांधे मातीचे असतील तर वाळवी आतूनच चढते. बाहेर मातीची रेघसुद्धा दिसत नाही आणि वर तुळई पोकळ झालेली असते. म्हणून आमचे मेस्त्री पोटमाळ्यावर चढतात. ते मूळचे श्रीवर्धनकडचे, तीन पिढ्यांचं सुतारकाम. वाशावर हातोडीचा दांडा मारला की खणखणीत लाकूड वेगळं बोलतं आणि खाल्लेलं भद्द वाजतं. वाळवी नसेल तर तुळई मध्यभागी बहुतेकदा शाबूत असते, कुजतात ती भिंतीत शिरलेली टोकं, कारण भिंतीची ओल तिथेच लाकडात उतरते. पेचकस टोकाशीच खुपसायचा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशीला रान मोकळं. आमच्याकडे त्याचं मीटर आहे, पण मेस्त्रींचा अंदाज मीटरच्या फार लांब नसतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते सिमेंटच्या गिलाव्याने झालेलं. चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीतली ओल बाहेर निघून जात असते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते, मग गिलावा फुगतो, मालक पुन्हा सिमेंट लावतो, वर टाइल लावतो. भिंतीला पोट सुटलेलं असतं आणि ओळंबा धरेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. तसंच मागून जोडलेल्या स्लॅबच्या न्हाणीघराचं. जुनं घर कधीच बसून स्थिर झालेलं असतं, नवं बांधकाम आता बसतंय, मग दोघांच्या सांध्यात उभी फट पडते आणि पावसाचं पाणी थेट माजघरात. ही फट धोक्याची नसते, पण विकणारा तिच्यापुढे कपाट लावून ठेवतो. आम्ही कपाटं सरकवून बघतो. नम्रपणे विचारून, पण सरकवतोच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि मेस्त्रींच्या स्वतःच्या घराचं आढं उडालं. लॉकडाऊन, गाड्या बंद. ते ठाण्यात, आई गावी. आठ दिवसांनी परवाना काढून गेलो. त्या प्रवासात आम्ही जे पाहिलं त्याने आमचा अहवाल बदलला. त्यानंतर बऱ्याच घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. कौलांचं छप्पर जड असतं, बरंचसं स्वतःच्या वजनाने बसून राहतं. पत्रा हलका. वारा खालून शिरला की तो छपराला वर उचलतो, आणि जुन्या भिंतीत छप्पर धरून ठेवणारं काहीच नसतं. पत्रा घालायला माझा विरोध नाही, म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी कौलं चाळून घेणं झेपत नाही. पण पाट आणि वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी बांधलेत का, हे आता आम्ही प्रत्येक पत्र्याच्या घरात पाहतो. बहुतेक ठिकाणी नसतात.

त्याच वर्षी आमचा फोन वाजायला लागला. घरून काम करणारी ठाण्यातली, ऐरोलीतली तरुण जोडपी, "आम्हाला गावात जुनं घर घ्यायचंय" म्हणणारी. मुंबईचा भाव ऐकलेल्या माणसाला तिथला भाव स्वस्त वाटतो आणि तो घाई करतो. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळियेवर दरड कोसळली, २०२३ च्या जुलैत खालापुरात इर्शाळवाडीवर. त्यानंतर डोंगरउतारावरचं घर असेल तर आम्ही भूगर्भशास्त्रज्ञाला बरोबर नेतो, आणि ग्राहक त्याचा खर्च द्यायला तयार नसेल तर काम घेत नाही. दोन-तीन कामं त्यामुळे गेली. वरच्या बाजूला नवीन रस्त्यासाठी उतार कापलाय का, जुने झरे कुठे होते आणि कुणी बुजवले, हे गावातली म्हातारी माणसं बरोबर सांगतात.

कागद आणि भिंत दोन्ही चोख असूनही एक गोष्ट राहते. महाडच्या बाजूला एक घर होतं, भावकीचं मूळ घर. सगळं स्वच्छ, मालक एकटा, वाद नाही. काकांनी शेजारी पाणी मागितलं तेव्हा कळलं की गणपती याच घरात बसतो आणि आठ कुटुंबं त्यासाठी इथे येतात. कुठल्याही नोंदीत हे नव्हतं. आम्ही अहवालात लिहिलं. घेणाऱ्या ताईंनी भावकीशी बोलून घेतलं, की पाच दिवस घर तुमचं. चार वर्षं झाली, त्या आरतीला आम्हालाही बोलावतात.

आज आम्ही महिन्याला चारपेक्षा जास्त घरांचं काम घेत नाही. माणसं वाढवा असं सगळे सांगतात. पण पोटमाळ्यावर चढणारा मेस्त्री आणि बांध वाचणारे काका जाहिरात देऊन मिळत नाहीत. काका आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. गेल्या वर्षापासून भूमापनाचा अभ्यास केलेली एक मुलगी त्यांच्याबरोबर फिरते, टोपो म्हणजे जमिनीच्या चढउतारांची मोजणी शिकून आलेली. तिला ते आधी हद्दीचे दगड ओळखायला शिकवतात.

मागच्या पावसाळ्यात मुरबाडजवळच्या एका घराचा अहवाल आम्ही ग्राहकाला दिला. घर उत्तम निघालं होतं. सागाचे खांब शाबूत, सहा वासे बदलायचे, मागचा गिलावा काढून चुन्याचा करायचा, बस. ग्राहकाने तो अहवाल भाव करायला मालकांना दाखवला. मालक सत्तरीचे, विधुर, मुलगा डोंबिवलीला. घर मोडकळीला आलंय असं त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं, म्हणून ते विकायला काढलेलं. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, मुलाला फोन केला आणि विकायचं रहित केलं. ग्राहक आमच्यावर नाराज झाले, त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. दिवाळीनंतर त्या मालकांचा मला फोन आला, सहा वाशांसाठी मेस्त्री पाठवाल का म्हणून. आमचे मेस्त्री तिथे आठ दिवस राहिले. येताना त्यांनी मालकांच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा आणल्या, ऑफिसात सगळ्यांना वाटल्या.