कुंपणाच्या खालच्या अंगाला

विअर म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना बंधारा आठवतो. आमचं विअर पाणी अडवत नाही, मासे अडवतं. प्लास्टिकच्या पाइपांची लांबलचक पॅनेलं शेजारीशेजारी लावून नदी या काठापासून त्या काठापर्यंत बंद केलेली असते. पॅनेलचं वरच्या अंगाचं, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूचं टोक तळाशी पोलादी दोराला जखडलेलं, खालच्या अंगाचं मोकळं. त्या मोकळ्या टोकाखाली एक तिरपी फळी असते, आणि प्रवाहच तिच्यावर रेटा देऊन पॅनेल पाण्यावर उचलून धरतो. पाणी चढलं, ओंडका आला, की पॅनेल दबतं, ओंडका वरून निघून जातो आणि पॅनेल पुन्हा वर येतं. मोटर नाही, वीज नाही. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला मी मनातल्या मनात बऱ्याचदा नमस्कार केला आहे.

या सगळ्या कुंपणात एकच दार. अंडी घालायला वर निघालेल्या प्रत्येक सॅमनला त्यातूनच जावं लागतं, आणि दाराशी आमच्यापैकी कोणीतरी हातात काउंटर घेऊन बसलेलं असतं.

ही गोष्ट 2019 च्या उन्हाळ्यातली, अलास्कातल्या कुस्कोक्विम नदीच्या एका उपनदीवरची. उपनदीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर कॅम्प कोणाचा ते त्या भागातल्या कोणालाही लगेच कळेल. रस्ता नाही. बेथेल गावाहून पाण्यावर उतरणारं विमान सामान आणतं, तेही हवेची मर्जी असेल तर. ‘जंगलात राहतेस म्हणजे रोज अस्वलं दिसत असतील ना?’ असं सगळे विचारतात. दिसतात. पण निम्मा दिवस झाडलोट करण्यात जातो. पॅनेलांवर पाला, शेवाळ, मेलेले मासे साचतात. लांब दांड्याचा दाताळा घेऊन छातीपर्यंतच्या वेडर्समध्ये, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या विजारीत, त्यावरून चालायचं. वजनाने पॅनेल पायाखाली दबतं आणि कचरा वाहून जातो. जीवशास्त्रातली पदवी इथवर आणते आणि हातात झाडू देते.

उरलेल्या वेळात मोजणी आणि नमुने. नमुन्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे काम मला चांगलं जमतं. किंग, म्हणजे सॅमनमधली सगळ्यात मोठी जात, दारापाशी लावलेल्या सापळ्यातून उचलून पाण्यातल्याच पाळण्यात धरायचा. लांबी डोळ्याच्या मध्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घ्यायची. नाकापासून घेत नाहीत, कारण नदीत शिरल्यावर नराचा जबडा वाकून वाढत जातो आणि माप फसवं होतं. मग डाव्या अंगावरून, पाठीच्या पराच्या मागच्या टोकापासून गुदपराच्या पुढच्या टोकाकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेवरून, पार्श्वरेषेच्या वरच्या दोन ओळींतले तीन खवले चिमट्याने काढायचे. तीन अशासाठी, की एखादा खवला मध्ये गळून नव्याने उगवलेला असतो आणि त्यावर आधीचं वय लिहिलेलं नसतं. बुळबुळीतपणा पुसून, रेघांची बाजू वर ठेवून, सगळे एकाच दिशेने डिंकाच्या कार्डावर चिकटवायचे. शेपटीला बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे पुन्हा दिसला तर आम्ही हाताळलेला आहे हे कळतं. नवीन मुलं मासा हवेत धरून फोटोसाठी हसत बसतात. मला ते बघवत नाही.

या लांब्या आणि खवल्यांतूनच अलास्कातले किंग कसे आखूड होत गेले ते कळलं. साठ वर्षांची मापं एकत्र करून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1990 पूर्वीच्या तुलनेत किंगची लांबी सरासरी 8 टक्क्यांनी घटली आहे. मासा लहान म्हणजे मादीच्या पोटात अंडी कमी, म्हणजे तेवढेच मासे वर गेले तरी पुढची पिढी कमी. काउंटरच्या नुसत्या टिचक्या मोजून हे कधीच दिसलं नसतं.

आता तो दिवस. जुलैची सुरुवात. अँकरेजला 4 जुलैला 32 अंशांचा उच्चांक नोंदला गेला, तो हाच आठवडा. आम्ही पाण्याचं तापमान सकाळी आणि संध्याकाळी घ्यायचो. नियमात तेवढंच होतं. मधल्या वेळात पाणी किती तापतं ते तळाशी बांधलेलं लॉगर नोंदवत होतं, पण तो डेटा हंगाम संपल्यावर उतरवायचा असतो. किंगला 18 अंशांच्या आसपास ताण जाणवू लागतो. त्या दुपारी मी नियमाबाहेर थर्मामीटर बुडवला, तो 18 च्या वर गेला. नमुने घेणं आम्ही तिथेच थांबवलं.

मासे विअरच्या खालच्या अंगाला, खोल वळणात, तळाशी दाटीने उभे होते. दार उघडं होतं, कोणी येत नव्हतं. गरम पाण्यात ते दिवसा हलत नाहीत. रात्री, पाणी जरा निवलं की निघतात. आणि रात्री आम्ही झोपतो. दाराशी माणूस नसेल तर दार बंद, हा नियम. नाहीतर न मोजलेला मासा निसटतो.

पॅनेलं झाडताना वरच्या अंगाला अडकलेली किंगची एक मादी मला मिळाली. लालसर झालेली, अंगावर जखम नाही. पोट चिरून पाहिलं. आम्हाला हे करावंच लागतं, अंडी घातली की नाही हे नोंदवायला. दोन्ही पिशव्या जशाच्या तशा भरलेल्या. शेपटीला छिद्र नव्हतं. म्हणजे आम्ही हात लावलेला नव्हता. आमचा क्रू लीडर हे बघून सुस्कारा टाकून म्हणाला, ‘आपली नाही.’ तो माणूस वाईट नाही, पण आळ आपल्यावर आला की नाही एवढंच त्याला आधी सुचतं.

तेवढ्यात खालून बोट आली. विअरमध्ये बोटींसाठी दबणारं एक पॅनेल असतं, त्यावरून लोक ये-जा करतात. बोटीत खालच्या गावातले, इथल्या मूळ रहिवासी युपिक समाजातले एक आजोबा आणि त्यांची नात. ते नेहमी हात करून पुढे जायचे. त्या दिवशी इंजिन बंद करून काठाशी लागले.

या लोकांना आमच्याबद्दल काय वाटतं हे अलास्कातल्या कार्यालयांत सगळ्यांना ठाऊक असतं आणि अहवालात कुठेच नसतं. धरायचा, चाचपायचा आणि सोडून द्यायचा, याला ते अन्नाशी खेळणं म्हणतात. मासा आपणहून येतो, त्याचा अपमान केला तर पुढे येत नाही, असं ते मानतात. वर किंग कमी म्हणून त्यांच्याच जाळ्यांवर निर्बंध. 2012 मध्ये ते मोडून नदीत उतरलेल्या युपिक मच्छीमारांची जाळी जप्त झाली, आणि पुढच्या वर्षी बेथेलच्या कोर्टात खटले चालले. जाळी कधी टाकायची हे ज्या आकड्यांवर ठरतं, त्यातला एक आमच्या दारातून जातो. आम्ही पोटभर जेवून तो मोजतो.

आजोबांनी चिरलेली मादी पाहिली. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी अंड्यांची पिशवी बोटाने किंचित उचलून पाहिली आणि विचारलं, ‘ही खाली किती वेळ थांबली होती?’

मी सांगितलं की तिच्या शेपटीला छिद्र नाही, म्हणजे आम्ही तिला धरलेलं नाही.

‘ते नाही विचारलं,’ ते म्हणाले. ‘कुंपणाखाली किती वेळ थांबली होती?’

वही माझ्या हातातच होती. तारीख, तास, जात, नर-मादी, लांबी, पाण्याची पातळी, ढग किती, वारा कुठला, सगळे रकाने. थांबलेल्या माशांना रकाना नाही. आमच्या लेखी मासा दारात आला की जन्माला येतो.

मी म्हटलं, माहीत नाही. आजोबांनी नातीला काहीतरी सांगितलं, तिने इंजिन सुरू केलं, ते वर निघून गेले.

त्या संध्याकाळी मी क्रू लीडरला म्हटलं की आपण पाळी बदलू. दुपारी दार बंद करू, मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत बसू. जुलैत तिथे नीट अंधार पडत नाही, तळावर पांढरी पट्टी टाकली तर मासे स्पष्ट दिसतात. एकूण मोजणीत काही फरक पडत नाही, मासा केव्हा गेला यापेक्षा गेला हे महत्त्वाचं. त्याला पटलं. सकाळी सॅटेलाइट फोनवर त्याने कार्यालयाला विचारलं. तिकडून पहिला प्रश्न आला तो रात्रीच्या तासांचा ओव्हरटाइम कोणत्या खात्यात टाकायचा हा. दुसरा प्रश्न आला नाही. आम्ही खात्याची वाट न बघता बसलो. पहिल्याच रात्री दोनच्या सुमाराला वळणातले किंग एकामागून एक वर सरकले. काउंटर दाबताना माझा अंगठा दुखला आणि मला भयंकर आनंद झाला. डासांनी कान फोडून काढले होते, तरी.

हंगाम संपल्यावर लॉगर उतरवला. त्या दुपारचा आकडा माझ्या थर्मामीटरपेक्षाही वर गेला होता. अहवालात मात्र सकाळ-संध्याकाळची सरासरी छापली. ती अगदी सौम्य दिसते.

मादी का मेली हे मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात कोयुकुकसारख्या नद्यांवर, जिथे वाटेत कुंपण आडवं नव्हतं तिथेही, पोटात अंडी असलेले चम या दुसऱ्या जातीचे सॅमन मोठ्या संख्येने मेलेले सापडले. उष्णता पुरेशी होती. क्रू लीडर हेच म्हणतो, आणि बहुधा बरोबर म्हणतो. पण गरम पाण्यात उभं राहण्याचे तिचे जास्तीचे तास आमचे होते की तिचे स्वतःचे, हे छिद्र नसल्यामुळे सिद्ध होत नाही. छिद्र फक्त हाताबद्दल बोलतं, कुंपणाबद्दल नाही.

हिवाळ्यात मी आमच्या संख्याशास्त्रज्ञाला विचारलं, की थांबलेले मासे मोजता येतील का. तो म्हणाला, नाही, तोच मासा दहा वेळा मोजला जाईल. बरोबर आहे. मग मी म्हटलं संख्या नको, वेळ हवा. त्यावर तो चटकन म्हणाला, त्याला उपाय आहे, खाली धरून रेडिओ टॅग लावा. म्हणजे किंग पकडायचा, तोंडातून नळीने ट्रान्समीटर पोटात ढकलायचा आणि सोडून द्यायचा, मग तो विअरपाशी कधी पोचला आणि कधी पार झाला हे मिनिटागणिक कळेल. खर्चाचा अंदाजही त्याने काढून दिला.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचा आमच्याकडे हाच एक मार्ग आहे. प्रस्ताव लिहून झाला आहे. गावाच्या परिषदेसमोर तो वाचायला कोण जाणार, हा मुद्दा बैठकीच्या विषयपत्रिकेत दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेळेअभावी पुढे ढकलला गेला.