तुम्ही विचारलंत म्हणून : धड खेळता येत नसताना इव्होत नाव का दिलं?

"तुला धड खेळता येत नाही, तर नुसतं बघायला जायचंस ना. स्पर्धेत नाव कशाला दिलंस?" २०२३च्या ऑगस्टपासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच टाकतो. विचारणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं आहेत. काहींना लास वेगासला व्हिडिओ गेमची स्पर्धा भरते याचंच नवल वाटतं. काहींना मात्र स्वतःला जायचं असतं, आणि 'अजून हात बसला नाही' म्हणून ती दरवर्षी थांबतात. हे मुख्यतः या दुसऱ्यांसाठी.

इव्हो ही फायटिंग गेम्सची स्पर्धा. दोन खेळाडू, एक स्क्रीन, समोरच्याचा ऊर्जेचा पट्टा आधी संपवायचा. स्ट्रीट फायटर, टेकन वगैरे. नाव का दिलं याचं उत्तर सरळ आहे: कारण तिथे ते देता येतं. डोटा या सांघिक गेमच्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेला किंवा तशाच लीग ऑफ लेजंड्सच्या जागतिक स्पर्धेला तुम्ही-मी फक्त तिकीट काढून बसू शकतो. मंचावर जे संघ असतात ते निमंत्रणाने नाहीतर पात्रता फेऱ्यांतून आलेले असतात. इव्होत पात्रता फेरी नाही. प्रवेशिका घ्या, जो गेम खेळायचा त्याची फी भरा, आपला कंट्रोलर घेऊन या. २०२३मध्ये स्ट्रीट फायटर ६ला सात हजारांवर लोकांनी नावं दिली होती. तो जिंकला अमिरातीचा 'अँग्रीबर्ड' टोपणनावाचा खेळाडू. तोही पहिल्या दिवशी, शुक्रवारी, बाकीच्यांसारखाच एका टेबलावरून सुरुवात करून गेला. मानांकन होतं त्याला, म्हणजे त्याच्यासारखे दादा लोक पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या गटांत विखुरतात. पण वगळत कोणालाही नाहीत. तुमच्या गटात असा एखादा पडला, तर तुम्हाला त्याच्याशी खेळावं लागतं. मला तर हे 'खेळायला मिळतं' असं म्हणावंसं वाटतं.

ही पद्धत आली कुठून, तर गेम पार्लरमधून. इव्होचा पूर्वज म्हणजे १९९६ची 'बॅटल बाय द बे'. ती भरली कॅलिफोर्नियात, सनीवेलच्या गोल्फलँडमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी घरांना गोल्फलँड माहीत असतं ते मुलांच्या वाढदिवसामुळे. मिनी गोल्फ, पिझ्झा, शेवटी रडारड. मीही कैक वाढदिवस तिथे काढले, आणि फायटिंग गेम्सच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं मूळ त्याच छपराखाली आहे याची मला गंधवार्ता नव्हती. तिथे तेव्हा चाळीसेक जण जमले होते. २००२ साली स्पर्धेचं नाव इव्हो झालं आणि २००५पासून ती वेगासला गेली. पार्लरमधला नियम मात्र सोबत गेला: ज्याने नाणं टाकलं त्याला खेळायला मिळणार.

तो नियम आपल्याकडेही होताच की. नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळा बुडवून 'मुस्तफा' खेळला (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही), त्यांना शेजारचं किंग ऑफ फायटर्स ९७चं मशीन आठवत असेल. जिंकला तो उभा राहायचा, हरला तो बाजूला, पुढच्याचं टोकन मशीनच्या काठावर आधीच ठेवलेलं. कॉलेजातल्या मुलाशी खेळायला सातवीतल्या पोराला कोणी पात्रता विचारली नाही. हरायचो, पण त्याचा हात कसा फिरतो ते इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसणार होतं?

दार उघडं ठेवल्याने काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण लाहोरचं आहे. टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, असं सगळे धरून चालले होते. २०१९च्या फेब्रुवारीत इव्हो जपानला, फुकुओकाला, अर्सलान ॲश नावाचा पाकिस्तानी खेळाडू व्हिसाच्या आणि विमानांच्या भानगडींतून कसाबसा पोहोचला आणि स्पर्धा जिंकून गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने वेगासही जिंकलं, अंतिम फेरीत कोरियाच्या 'नी' नावाच्या खेळाडूला हरवून. आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत, असं तो सांगत होता. ते खरं निघालं, आणि पुढे नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळून आला. निमंत्रणावर चालणारी स्पर्धा असती तर लाहोरला पत्र कोणी पाठवलं असतं? मी अर्सलान नाही हे मला माहीत आहे. पण ज्या दारातून तो आत आला त्याच दारातून मीही आलो, आणि ते दार उघडं राहायचं असेल तर माझ्यासारख्यांनी त्यातून ये-जा करत राहावं लागतं. सात हजारांतले बहुतेक जण आमच्यासारखेच असतात. त्यांच्या फीशिवाय ही जत्रा भरणार नाही.

आता हिशेब, कारण लोकांना भीती त्याचीच असते. इव्होत दोनदा हरलात की बाहेर. पहिल्यांदा हरलात की खालच्या फळीत, म्हणजे लूझर्स ब्रॅकेटमध्ये जाता आणि तिथून पुढे खेळत राहता. पहिल्या फेरीत निम्मे हरतात. ते निम्मे खाली एकमेकांशी खेळतात, त्यातले निम्मे पुन्हा हरतात. म्हणजे बाय मिळालेले (पहिली फेरी न खेळताच पुढे गेलेले) सोडले तर दर चार जणांतला एक जण एकही सामना न जिंकता परततो, आणि पुढची एक फेरी धरली तर निम्मे लोक जास्तीत जास्त एक सामना जिंकून. यात कोणाच्या तयारीचा प्रश्नच नाही, रचनाच तशी आहे. सगळे सात हजार जगज्जेते आणून बसवलेत तरी त्यातला चौथा हिस्सा दोन पराभव घेऊन दुपारी बर्गर खात बसणार. प्रत्येकाचे दोन पराभव व्हायचे म्हणजे एका गेमचे साधारण १४,००० सामने, तेही शुक्रवार ते रविवारात. त्या गर्दीत तुमचे दोन कोणाच्या लक्षात राहणार आहेत?

खालच्या फळीत जायची लाज वाटणाऱ्यांसाठी अजून एक. फायटिंग गेम्सच्या इतिहासातला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला क्षण २००४च्या इव्होतला आहे. जपानचा डायगो उमेहारा खेळत होता केन हे पात्र घेऊन, त्याचा ऊर्जेचा पट्टा संपल्यात जमा, समोर अमेरिकेच्या जस्टिन वाँगचं पात्र चुन-ली, तिचा 'सुपर' म्हणजे सलग पंधरा फटक्यांचा खास हल्ला. डायगोने एकूण एक फटका झेलून परतवला आणि फेरी जिंकली. तो सामना लूझर्स ब्रॅकेटचा अंतिम सामना होता. दोघंही आधी एकदा हरून आलेले. आणि ती स्पर्धा डायगोने जिंकली नाही. अंतिम फेरीत तो केंजी ओबाताकडून हरला. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

माझ्या सामन्याचंही विचारता, म्हणून सांगतो. स्ट्रीट फायटर ६मध्ये मी झांगीफ हे पात्र घेऊन खेळतो, रशियन पैलवान. (भारतीय असून गेममधला भारतीय योगी धालसिम का नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मी देत नाही.) मँडले बे हॉटेलच्या सभागृहात टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर मॉनिटर आणि प्लेस्टेशन, समोर दोन खुर्च्या इतक्या जवळ की कोपराला कोपर लागतं. तुम्हाला गट आणि वेळ आधी कळवलेली असते. वेळेवर नाही पोहोचलात तर बाद. पंच नाव पुकारतो, तुम्ही कंट्रोलर जोडता, बटणं तपासता, मूठ मूठीला लावता आणि सुरू. तीनपैकी दोन गेम जिंकायचे, प्रत्येक गेममध्ये तीनपैकी दोन राउंड. पाच-सात मिनिटांत निकाल.

झांगीफचा जीव त्याच्या पकडीत. त्यासाठी दिशेचं बटण पूर्ण गोल फिरवून फटक्याचं बटण दाबायचं. घरी सोफ्यावर हे डोळे मिटून जमतं. तिथे अंगठा थरथरत होता आणि झांगीफ शत्रूला धरायचं सोडून जागच्या जागी उड्या मारत होता. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका मारला तर त्याचा फटका २६व्या फ्रेमला बसतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत. तेवढ्यात तो दिसून उत्तराचं बटण दाबलं गेलं पाहिजे. घरी दिसतो. तिथे शेजारच्या टेबलावर कोणीतरी ओरडतं, मागे तीन माणसं उभी असतात, आणि तो फटका तुम्हाला दिसतो तो बसल्यावरच. हे शिकायला दुसरी जागा नाही. इंटरनेटवर हजार सामने खेळा, तिथे समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही, आणि हरल्यावर बटण दाबून निघून जाता येतं.

निकालाबद्दल एवढंच की वर हिशेबात सांगितलेल्या, जास्तीत जास्त एक सामना जिंकणाऱ्या निम्म्यांत मी होतो.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि प्रेक्षक म्हणून गेलो असतो तर ती हुकली असती. ज्या मुलाने मला बाहेर काढलं, विशी-बाविशीचा असेल, त्याने खुर्ची सोडायच्या आधीच मला सांगितलं, "तुमचा झांगीफ खाली पडला की उठताना तुम्ही दर वेळी फटका मारता. मी नुसता थांबत होतो." तेवढ्या पाच मिनिटांत त्याने माझी दोन महिन्यांची सवय वाचली होती. मग आम्ही मोकळ्या टेबलावर जाऊन पुन्हा खेळलो, आता काहीच पणाला नव्हतं. याला तिथे कॅज्युअल्स म्हणतात, आणि खरी इव्हो तीच असं जुने लोक म्हणतात. मला पटतं. गळ्यात खेळाडूचा बिल्ला असला की कोणाच्याही शेजारी जाऊन "खेळायचं का?" विचारायला संकोच वाटत नाही. तुम्ही काय खेळता, गटात कोणी मारलं, एवढ्यावर ओळख होते. कोणी हॉटेलच्या खोलीवर स्वतःचा मॉनिटर लावलेला असतो, कोणी पैसे लावून खेळतात (मी नाही, आणि पहिल्याच वर्षी तुम्हीही नको). शनिवारी दुपारी मला पेरूचा एक झांगीफवाला भेटला. त्याला इंग्रजी जेमतेम, मला स्पॅनिश शून्य, पण गोल न फिरवता तीच पकड अंगठ्याच्या छोट्या वळणाने कशी काढायची हे त्याने माझ्या हातातच कंट्रोलर ठेवून दाखवलं. तास गेला असेल.

रविवारच्या अंतिम फेऱ्या बघायला अर्थात मजा येते. पण खरं सांगू, त्या यूट्यूबवर जास्त चांगल्या दिसतात. फरक एवढाच की आदल्या दिवसापर्यंत त्याच टेबलांवर घाम गाळलेला असला, की मंचावरच्या माणसाने योग्य वेळी नुसता एक फटका अडवला तरी तुम्ही खुर्चीवरून उठता.

'कधी तयार होतो आपण' याचं माझं माप असं: एक पात्र निवडलेलं असावं, त्याचे तीन-चार फटके न बघता जमावेत, आणि समोरचा उडी मारून आला तर त्याला निम्म्या वेळा तरी अडवता यावं. बस. स्ट्रीट फायटर ६मध्ये तर 'मॉडर्न' म्हणून सोपी बटणंही आहेत. त्यांना नाक मुरडणारे भेटतील, त्यांच्याकडे बघू नका. मी गेलो तेव्हा गेम येऊन दोनच महिने झाले होते, हे एक बरं होतं. सगळेच जरा चाचपडत होते. नवा गेम आला की पहिलं वर्ष धरावं, असं मी सगळ्यांना सांगतो.

भारतातून विचारणाऱ्यांना वेगास लांब आणि महाग पडतं, शिवाय अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मिळेपर्यंत पुढचा गेम येतो. इव्हो जपान २०१८पासून भरते. मी तुमच्या जागी असतो तर तिकडे बघितलं असतं.

बाकी बारीकसारीक. वेगासला ऑगस्टमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा, आत मात्र एसीने बोटं गारठतात, जॅकेट हवंच. जेवण महाग, भाकरवडीचा पुडा कामी येतो. खेळ चालू असताना चुकूनही पॉजचं बटण लागू देऊ नका, राउंड जातो. ते बटण सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर आधीच करा. कंट्रोलर वायरनेच जोडा. बिनतारी असेल तर उठताना तो त्या मशीनपासून तोडा, नाहीतर तुमच्या खिशातून दुसऱ्याच्या सामन्यात ढवळाढवळ होते आणि पंच तुमचं नाव सभागृहभर पुकारतात. आणि त्याच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवा, सगळ्यांचे काळेच असतात.