गहाण सोडवणारा टोमॅटो

ऑगस्टातल्या एका दुपारी परसातला पहिला टोमॅटो तोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तेव्हा शेजारीच टपालाने आलेले बँकेचे पाकीट पडलेले होते. या दोघांची गाठ पडावी याची मला गंमत वाटली, कारण या वाणाचे नावच ‘मॉर्गेज लिफ्टर’, म्हणजे गहाण सोडवणारा.

वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगनमध्ये एम. सी. बाइल्स हे रेडिएटर दुरुस्त करणारे गृहस्थ होते. चढाला तापलेले ट्रक घेऊन येणारे लोक त्यांना ‘रेडिएटर चार्ली’ म्हणत. १९३० च्या दशकात त्यांनी ‘जर्मन जॉन्सन’ या टोमॅटोच्या वाणाचे एक झाड मधोमध लावले, भोवती मोठ्या फळांची दहा झाडे गोल लावली, त्यांचे पराग मधल्या झाडाच्या फुलांवर टाकले आणि हंगामामागून हंगाम बी निवडत हे वाण सिद्ध केले. पुढे एकेक रोप एकेका डॉलरला विकून सहा वर्षांत घराचे ६,००० डॉलरचे कर्ज फेडले, असे सांगतात.

माझे कर्ज ३० वर्षांचे आहे. खत, जाळी आणि बांबू धरले, तर हे एकच फळ मला वीस डॉलरला पडले. बाकीच्यांचा खारींनी एकेक चावा घेऊन पाहिला आणि पसंत नसल्यासारखी ती तिथेच टाकून दिली.

यवतमाळकडे आमची आजी टोमॅटोला भेदरं म्हणत असे. वाण सरळ, संकरित नव्हे, त्यामुळे बी घरचेच. झाडावरच्या सगळ्यांत चांगल्या फळाच्या देठाला ती चिंधी बांधी आणि बजावी, “बियाचं हाय ते, हात नोका लावू.” पुढे त्याच्या बिया राखेत घोळवून पुरचुंडी आढ्याला टांगली जाई. एकदा मी ते चिंधीचे फळ विहिरीमागे बसून, मीठ लावून खाल्ले. आजी रागावली नाही, मला बाजूला सारून आईला एवढेच म्हणाली, “बी खाल्लं ना बाप्पा यानं.” ते वाक्य मला अजून मारापेक्षा जास्त लागते.

टोमॅटो नेहमीप्रमाणे आडवा कापला. उभा कापलेला टोमॅटो मला पाहवत नाही. एका चकतीने ब्रेडचा अख्खा चौकोन झाकला. खाण्याआधी बिया मात्र चमच्याने वाटीत काढल्या, तीन दिवस आंबू दिल्या आणि धुऊन, हाताशी होते म्हणून त्या पाकिटाच्या पाठीवर वाळत घातल्या. आता त्या कागदाला घट्ट चिकटल्या आहेत, त्यामुळे पाकीट फोडायचे राहिलेच आहे.