चैत्रातली कुंडलिका आणि आडवा पडलेला करंज

चैत्रात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे खडक उघडे पडतात. रायगडमधली कुंडलिका मात्र सकाळी काही तास खळाळत असते, कारण भिरा येथील १९२७ सालच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार करून बाहेर पडलेले मुळशी धरणाचे पाणी तिच्या पात्रात येते. (मुळा नदीचे हे पाणी एरवी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे गेले असते.) कोलाडजवळ पर्यटकांच्या रॅफ्टपुढे कयाक वल्हवत वाट तपासणे आणि पाण्यात पडलेल्यांना काठाला आणणे, हे माझे काम आहे.

त्या सकाळी, एका बेटाशी प्रवाह दुभंगतो तिथे, ओढ्याएवढ्या अरुंद अशा डाव्या फाट्यात रात्री कोसळलेला करंज आडवा पडला होता. पर्यटक लाटांना भितात. मी फांद्यांना भितो. लाट माणसाला निदान वर तरी आणते. पाण्यात बुडालेल्या फांद्यांमधून मात्र पाणी चाळणीतून जावे तसे निघून जाते, माणूस अडकतो आणि मागून येणारा प्रवाह त्याला तिथेच दाबून धरतो.

उजवीकडच्या खडकामागच्या एडीत, म्हणजे उलट्या फिरणाऱ्या संथ पाण्यात शिरून मी ‘थांबा’ अशी खूण म्हणून पॅडल डोक्यावर आडवे धरले. पुढची रॅफ्ट काठाला लागली. मागची मात्र वरच्या रॅपिडमध्ये, म्हणजे वेगवान खळाळात खडकावर आदळली आणि एक तरुण पाण्यात फेकला गेला. तो सुरुवातीला शिकवल्याप्रमाणे उताणा, पाय पुढे करून वाहत होता. खडकांसाठी हे योग्यच, पण फांद्यांसमोर पाय आधी खाली अडकतात. ‘पालथे व्हा, माझ्याकडे पोहा!’ असे ओरडत मी कयाकचे तोंड प्रवाहाविरुद्ध तिरके ठेवून आडवा निघालो. त्याने मागची कडी पकडली खरी, पण त्याच्या ओझ्याने कयाक वळेना आणि करंज जवळ येत गेला. तेवढ्यात उजव्या काठावरच्या गाईडने थ्रो बॅग, म्हणजे दोर भरलेली पिशवी फेकली. दोर तरुणाच्या हाती लागला, गाईड पाय रोवून बसला आणि प्रवाहानेच आम्हा दोघांना वळवून त्या काठाला आणून लावले.

दुपारी पात्र गुडघाभर उरल्यावर आम्ही हातकरवतीने खोड कापले. प्रत्येक तुकडा दोर बांधून काठावर चढवावा लागला, कारण सुटे लाकूड दुसऱ्या सकाळच्या पाण्याबरोबर खालच्या एखाद्या अरुंद जागी पुन्हा आडवे बसले असते.